सहकारनगरचा हब: फर्मवेअर अपडेटनंतर तुटलेलं नेटवर्क (प्रकल्प नोंदी, जून २०२५)

१३ जून २०२५, शुक्रवार

सकाळी सहकारनगरच्या काकूंचा फोन. त्यांच्या घरातले दिवे, सेन्सर वगैरे मी एका हबला (त्यांना एकत्र जोडून चालवणाऱ्या डब्याला) जोडून दिलेत. "अरे, ॲपमध्ये कालपासून सगळं लाल दिसतंय. लेकीला दुबईहून काहीच कळत नाहीये, ती काळजीत आहे. बाथरूमच्या वाटेवरचा दिवा मात्र लागतोय बरं का."

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय आणि रात्री उठल्यावर त्या वाटेवर पायाशी उजेड पडावा, या एका गोष्टीसाठी हे सगळं काम सुरू झालं होतं. हालचाल टिपणारा सेन्सर आणि तो दिवा झिगबीवर (घरगुती उपकरणांच्या बिनतारी जाळ्यावर) आहेत. हे नातं घरातल्या हबमध्येच बसवलेलं असल्याने इंटरनेट गेलं तरी चालतं. म्हणजे हब जिवंत आहे आणि त्याचा झिगबी रेडिओ ठीक आहे. तुटलंय ते बाहेरचं टोक.

मांडणी अशी: फायबरवाल्याचा (इंटरनेट पुरवणाऱ्याचा) डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे वाहतूक नुसती पुढे सोडणारा, त्यापुढे माझा ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) घातलेला राउटर, आणि राउटरला लॅन केबलने हब. वायफाय मध्ये कुठेच नाही, म्हणून पासवर्ड, चॅनल, सिग्नल या नेहमीच्या संशयितांना सुरुवातीलाच सुट्टी. हबवर दाराचा सेन्सर, स्वयंपाकघरातला गॅस सेन्सर, गीझर, गॅलरीतला दिवा आणि भिंतीतल्या स्विचबोर्डांमागे बसवलेली मॉड्यूल्स.

दुपारी घरी पोचलो. हबभोवतीची कडी नारिंगी लुकलुकत होती. माहितीपत्रकात याचा अर्थ 'नेटवर्क नाही' एवढाच दिलाय. केबल निघाली, आयपी पत्ता मिळाला नाही, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) चालत नाही की कंपनीचा सर्व्हर दाद देत नाही, या चारही अवस्थांना एकच नारिंगी दिवा. ज्यांच्या घरी असा हब आहे त्यांना हा दिवा काहीच सांगत नाही, आणि मला हे मनापासून खटकतं.

राउटरच्या लीज यादीत, म्हणजे त्याने वाटलेल्या पत्त्यांच्या यादीत, हब होता. पत्ता १९२.१६८.१.४०, नेहमीचाच. पिंगला (हाक मारून पाहण्याच्या चाचणीला) उत्तर येतं. लॅन पोर्टवर लिंक स्थिर, १०० एमबीपीएस, लॉगमध्ये वर-खाली होण्याच्या नोंदी नाहीत. काकूंच्या फोनवर यूट्यूब सुरळीत. म्हणजे केबल ठीक, पत्ता ठीक, घराचं इंटरनेट ठीक.

ॲपच्या इतिहासात शेवटची नोंद: १० जूनच्या रात्री फर्मवेअर (हबमधलं मूळ सॉफ्टवेअर) आपोआप बदललं. त्यानंतर ११ तारखेला सगळं नीट चालत होतं. १२ तारखेला दुपारी सोसायटीची वीज गेली, आणि ती परत आल्यापासून लाल. काकांचं म्हणणं, वीज येताना झटका बसून हब बिघडला असेल. तसं असतं तर लॅन पोर्ट किंवा अडॅप्टर गेला असता, आणि दोन्ही शाबूत आहेत. अपडेट आणि बिघाड यांच्यात एक पूर्ण चांगला दिवस गेला, याचं उत्तर अजून नाही. ते मिळाल्याशिवाय काहीही 'दुरुस्त झालं' म्हणायचं नाही.

निघता निघता काकू म्हणाल्या, "आणि तो गीझर वेड्यासारखा करतोय. सकाळी लागतच नाही. काल दुपारी पावणेचारच्या सुमारास बघते तर चालू! आणि गॅलरीतला दिवा आज पहाटे पाचच्या आधीच लागलेला."

तिथेच थांबलो आणि दोन्ही वेळा लिहून घेतल्या. गीझरची ठरलेली वेळ सकाळी ५.४५, गॅलरीतल्या दिव्याची संध्याकाळी ७. दिवसाढवळ्या रिकाम्या बाथरूममध्ये गीझर तापत राहणं बरं नाही, म्हणून त्याचा बोर्डावरचा स्विच बंद केला आणि काकूंना सांगितलं, "मी सांगेपर्यंत हाताने लावा, हाताने बंद करा."

१३ जून, रात्री

काकूंना फोन करून विचारलं, वीज नक्की किती वाजता आली? त्यांना आठवत होतं, कारण लिफ्ट सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं होतं: ३.२०.

आता हिशेब. बॅटरीवर चालणारं घड्याळ नसलेलं यंत्र शून्यातून सुरू झालं की बहुतेक वेळा १ जानेवारी १९७०, ००.०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरून चालतं. हबमध्ये वेळेचा विभाग भारताचा (यूटीसीच्या साडेपाच तास पुढे) नोंदवलेला आहे, म्हणून त्याच्या लेखी ती पहाटेची ५.३० होते. ३.२० ला हब सुरू झाला, त्याच्या मते ५.३० वाजले. पंधरा मिनिटांनी त्याचे ५.४५ झाले आणि गीझर लागला, म्हणजे आपल्या ३.३५ ला. त्याचे संध्याकाळचे ७ वाजायला साडेतेरा तास लागतात. दुपारच्या ३.२० पासून साडेतेरा तास म्हणजे पहाटेचे ४.५०.

दोन्ही वेळा जुळल्या. हबला आज कोणती तारीख आहे हेच माहीत नाही.

आणि ज्याला तारीख माहीत नाही तो कंपनीच्या सर्व्हरशी बोलू शकत नाही. सुरक्षित जोडणी होताना सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. १९७० सालात बसलेल्या हबला २०२५ चं प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेलं दिसणार आणि तो ते नाकारणार. हा अंदाज झाला. उद्या पॅकेट (जाळ्यावरून जाणारे माहितीचे तुकडे) पकडून पाहायचं.

१४ जून, शनिवार

राउटरवर टीसीपीडम्प (पॅकेट पकडणारं साधन) लावून फक्त १९२.१६८.१.४० ची वाहतूक पकडली. थोड्याच वेळात चित्र स्पष्ट झालं.

डीएनएसची विचारणा जाते, उत्तर येतं. कंपनीच्या सर्व्हरकडे पोर्ट ८८८३ वर (इथे पोर्ट म्हणजे जोडणीचा दार-क्रमांक) टीसीपी जोडणी होते. टीएलएसची (सुरक्षित जोडणीची) बोलणी सुरू होतात, सर्व्हर प्रमाणपत्र पाठवतो (वैधता मार्च २०२५ पासून), आणि हब लगेच अलर्ट ४६ पाठवून जोडणी तोडतो. ४६ म्हणजे 'प्रमाणपत्र स्वीकारता येत नाही, कारण सांगत नाही'. थोडं थांबून पुन्हा तेच, अखंड. म्हणजे नारिंगी दिवा 'नेटवर्क नाही' म्हणतो तेव्हा नेटवर्क शाबूत आहे, सर्व्हरपर्यंत वाट मोकळी आहे, नकार देणारा हब स्वतः आहे.

मग एनटीपी, म्हणजे जाळ्यावरून वेळ विचारण्याची पद्धत. हब वेळ विचारतोय, नियमितपणे, वेगवेगळ्या सर्व्हरना. एकाचंही उत्तर येत नाही. विचारणेचं पॅकेट ४८ बाइटचं. त्याच्या शेवटच्या आठ बाइटमध्ये पाठवणाऱ्याची स्वतःची वेळ असते. काही यंत्रं तिथे मुद्दाम यादृच्छिक आकडा भरतात, हा हब मात्र खरं घड्याळ लिहितो. सकाळी ११.२० च्या पॅकेटमधले त्यातले पहिले चार बाइट, षोडशमान पद्धतीत: ८३ एसी ई९ ४सी. दशमान पद्धतीत २,२०,९१,४७,२१२. एनटीपी १ जानेवारी १९०० पासून सेकंद मोजतं, आणि १९०० ते १९७० चे सेकंद होतात २,२०,८९,८८,८००. वजाबाकी १,५८,४१२ सेकंद, म्हणजे ४४ तास १२ सेकंद. आज सकाळच्या ११.२० मधून ४४ तास मागे गेलं की परवा दुपारचे ३.२० येतात. काकूंनी लिफ्टच्या आवाजावरून सांगितलेली वेळ पॅकेटमधल्या आकड्याने खरी ठरवली. घरातल्या माणसाचं निरीक्षण असं तंतोतंत उतरलेलं पाहून फार बरं वाटलं. पुढच्या प्रत्येक कामात यंत्राआधी माणसाला विचारायचं.

११ तारखेचा चांगला दिवसही उलगडला. अपडेटनंतर हब फक्त रीस्टार्ट झाला होता, वीज तुटली नव्हती. अशा रीस्टार्टमध्ये चिपमधलं घड्याळ चालूच राहतं. १२ तारखेला वीज पूर्ण गेली तेव्हा ते पुसलं गेलं. राउटरला छोटा यूपीएस आहे, हबला नव्हता.

उरला खरा प्रश्न. मे महिन्यातही वीज गेली होती आणि तेव्हा हबला वेळ मिळाली होती. आता का मिळत नाही? आणि त्याच राउटरच्या मागे बसलेल्या माझ्या लॅपटॉपला मिळते, ती कशी?

मदतकेंद्राला सविस्तर कळवलं. उत्तर लगेच आलं: फॅक्टरी रीसेट करा. करणार नाही. रीसेटने झिगबी जाळ्याची चावी आणि सगळी जोडलेली उपकरणं हबच्या स्मृतीतून जातात. मग प्रत्येक सेन्सर नव्याने जोडायचा, आणि मॉड्यूल्ससाठी भिंतीतले स्विचबोर्ड उघडायचे. काकांचा रात्रीचा दिवा त्यात दोन दिवस तरी बंद राहिला असता. शिवाय रीसेटनंतर हब पुन्हा १९७० मध्येच जागा झाला असता. ज्या रोगाचं निदान झालेलं नाही त्यावर हा उपाय सुचवणं ग्राहकावर अन्याय आहे, आणि ज्यांना पॅकेट पकडता येत नाही ते बिचारे तो करून बसतात.

१५ जून, रविवार

जुना राउटर आणि मोबाइलचं हॉटस्पॉट घेऊन गेलो. हबची केबल त्या राउटरला लावली, त्याला इंटरनेट मोबाइलवरून दिलं. एका मिनिटाच्या आत वेळ मिळाली, कडी पांढरी झाली, ॲप हिरवं. केबल परत घरच्या राउटरला लावली, तरी हिरवंच. काकू खूश. "झालं ना रे?"

"अजून नाही काकू, एक परीक्षा बाकी आहे," म्हणून हबची पिन काढली आणि चहा होईपर्यंत तशीच ठेवली. परत लावली तर नारिंगी. केबल बदलताना वीज चालू होती, म्हणून हॉटस्पॉटवर मिळालेली वेळ टिकली होती. पिन निघाली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. इथे थांबलो असतो तर पावसाळ्यात वीज जाईल तेव्हा तेव्हा घर असंच अंधारात गेलं असतं, आणि तेही रात्री, लेक दुबईत असताना.

म्हणजे दोष घरच्या इंटरनेटच्या वाटेत आणि नव्या फर्मवेअरमध्ये मिळून आहे. नुसत्या एकाने होत नाही.

वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडेही हाच हब, हेच नवं फर्मवेअर, इंटरनेटही त्याच फायबरवाल्याचं. त्यांच्या परवानगीने हबची पिन काढून लावली. काही होत नाही, वेळ लगेच मिळते. फरक एकच सापडला. काकांनी सीसीटीव्हीसाठी स्थिर सार्वजनिक आयपी घेतलाय. शेजाऱ्यांच्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १०० ने सुरू होणारा, १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला, म्हणजे ते फायबर कंपनीच्या सामायिक नॅटमागे (अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणाऱ्या व्यवस्थेमागे) आहेत. मोबाइलचं हॉटस्पॉटही तसंच.

हा नॅट एक गोष्ट सहसा करतो. बाहेर जाणाऱ्या पॅकेटचं मूळ पोर्ट (ज्या क्रमांकावरून ते निघालं तो) बदलतो.

१६ जून, सोमवार

पकडलेली पॅकेट पुन्हा उघडली, या वेळी फक्त मूळ पोर्टकडे पाहण्यासाठी. हबच्या प्रत्येक विचारणेचं पोचण्याचं पोर्ट १२३ (एनटीपीचं ठरलेलं पोर्ट), आणि निघण्याचंही १२३. कोथरूडच्या एका घरात हाच हब जुन्या फर्मवेअरवर आहे, तिथे आपोआप अपडेट मी बंद ठेवलंय. त्यांना विचारून तिथल्या राउटरवरून पॅकेट पकडली. जुनं फर्मवेअर चाळीस हजारांच्या पुढचं, दर वेळी वेगळं पोर्ट घेऊन निघतं.

सापडलं असं वाटलं, पण सिद्ध करायचं होतं. संध्याकाळी सहकारनगरला गेलो, हबची पिन काढून ठेवली. दोघंही १२३ वरून बोलायला लागले तर राउटरचा नॅट एकाचं पोर्ट बदलण्याची शक्यता असते, आणि चाचणी नासते. लॅपटॉपवर वेळेची विचारणा स्वतः बनवणाऱ्या पायथॉनच्या काही ओळी: पहिला बाइट १बी, बाकी ४७ शून्यं, आणि मूळ पोर्ट हाताने ठरवायचं. मूळ पोर्ट ५०१२३ ठेवलं, उत्तर आलं. तोच सर्व्हर, तेच ४८ बाइट, मूळ पोर्ट १२३ केलं, उत्तर नाही. पुन्हा ५०१२३, उत्तर. सर्व्हर बदलले. एनआयसीचा (सरकारी माहितीशास्त्र केंद्राचा) समय१, एनपीएलचा (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा), एनटीपी पूल प्रकल्पातले (स्वयंसेवकांचे), सगळीकडे हेच. वाटेत कुठेतरी मूळ पोर्ट १२३ असलेली यूडीपी वाहतूक (एनटीपी ज्या पद्धतीने पॅकेट पाठवतं ती) गाळली जाते. फायबरवाल्याच्या टोकाला की त्याच्या वरच्या जाळ्यात, ते आपल्या बाजूने दिसत नाही.

हे गाळणं कुठून आलं असावं, ते या क्षेत्रातल्या लोकांना माहीत आहे. २०१३ च्या अखेरीस आणि २०१४ च्या सुरुवातीला जुन्या एनटीपी सर्व्हरांच्या 'मॉनलिस्ट' आज्ञेचा गैरवापर करून मोठे हल्ले झाले. छोट्याशा विचारणेला सर्व्हर कित्येक पट मोठं उत्तर देई, आणि विचारणाऱ्याचा पत्ता खोटा लिहून ते उत्तर दुसऱ्याच्या अंगावर सोडलं जाई. फेब्रुवारी २०१४ मधला असा एक हल्ला सेकंदाला ४०० गिगाबिटच्या आसपास गेला. त्यानंतर अनेक जाळ्यांनी १२३ वर गाळण्या बसवल्या. ग्राहकाच्या बाजूने १२३ वरून काही निघतंय म्हणजे तो सर्व्हर असणार, असा सरळ ठोकताळा. कंपनीच्या सामायिक नॅटमागच्या घरांना त्याची झळ लागत नाही, कारण गाळणीपाशी पोचेपर्यंत त्यांचं पोर्ट बदललेलं असतं. स्थिर आयपीचे जादा पैसे भरणारे तेवढे सापडतात.

आणि हबच्या बाजूने पाहिलं तर वेळ विचारणाऱ्याने १२३ वरून निघण्याची काही गरजच नाही. ऑगस्ट २०२१ चा आरएफसी ९१०९ (इंटरनेटच्या मानकांपैकी एक दस्तऐवज) नेमका हेच सांगतो: विचारणाऱ्याने यादृच्छिक पोर्ट घ्यावं. जुनं फर्मवेअर ते पाळत होतं, नव्याने सोडलं. बहुधा एनटीपीचा भाग दुसऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीतून (तयार कोडच्या संचातून) घेतला असावा.

१७ जून, मंगळवार

उपाय राउटरवर. हबला हात लावायचा नाही.

राउटर स्वतः योग्य वेळ मिळवतोच, तोही वरच्या क्रमांकाच्या पोर्टवरून विचारतो. त्याला घरातला एनटीपी सर्व्हर केलं. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ही एका ओळीची सेटिंग आहे. मग डीएचसीपीच्या (यंत्रांना पत्ता वाटणाऱ्या पद्धतीच्या) पर्याय ४२ मधून हबला सांगता येईल का, ते पाहिलं. पर्याय ४२ म्हणजे 'घरातला वेळेचा सर्व्हर हा'. हब पत्ता मागताना जी यादी पाठवतो तिच्यात ४२ नाहीच. जे तो विचारत नाही ते सांगून उपयोग नाही.

म्हणून फायरवॉलमध्ये वळण दिलं: घरातून कुठल्याही पत्त्याकडे निघालेली यूडीपी १२३ ची विचारणा राउटरकडेच वळवायची. हबला वाटतं उत्तर बाहेरच्या सर्व्हरने दिलं, कारण परतीचा पत्ता राउटर पुन्हा मूळचा करून देतो. राउटरच्या नॅटलाच मूळ पोर्ट बदलायला लावणं हाही मार्ग होता. पण त्यात एक खाच आहे. लिनक्सचा नॅट ५१२ च्या खालचं पोर्ट बदलून पुन्हा ५१२ च्या खालचंच देतो, म्हणून पट्टा स्पष्ट सांगावा लागतो. वळण जास्त सरळ, आणि फायबर बंद असतानाही घरातल्या यंत्रांना वेळ मिळत राहते.

हबची पिन काढली, चांगला वेळ थांबलो, लावली. काही सेकंदांत कडी पांढरी. पॅकेटमध्ये पाहिलं: विचारणा गेली, उत्तर आलं, पाठोपाठ ८८८३ वरची जोडणी टिकली, अलर्ट ४६ आता दिसत नाही.

मग सगळ्यात वाईट प्रसंग. राउटरचा यूपीएसही बाजूला केला आणि घराचा मेन स्विच पाडला. परत चढवल्यावर हब राउटरच्या आधी जागा झाला. राउटर उठला तेव्हा त्याला स्वतःलाच अजून खरी वेळ मिळालेली नव्हती. अशा वेळी तो उत्तर देतो, पण 'माझं घड्याळ जुळलेलं नाही' अशी खूण लावून. हबने ते उत्तर न घेता पुढे पुन्हा विचारलं. तोवर राउटर जुळलेला होता. काही मिनिटं नारिंगी, मग पांढरी. काका शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. "म्हणजे आधी मोठ्याने वेळ बघायची, मग धाकट्याला सांगायची," म्हणाले.

गीझरचा स्विच चालू केला. दुबईशी बोलणं झालं, दार उघडल्याची सूचना तिथे पोचतेय. गॅस सेन्सरचं चाचणीचं बटण दाबून तीही सूचना पोचवून पाहिली.

१८ जून, बुधवार

सकाळी ५.४५ ला गीझर लागला. काकूंनी न विचारता कळवलं.

हबलाही राउटरच्या छोट्या यूपीएसवर घेतलं. दोघांचा अडॅप्टर १२ व्होल्टचा आणि यूपीएसवर एक तोंड रिकामं होतं. वळण नसतं तर या यूपीएसने दोष फक्त झाकला असता, म्हणून तो आधी लावला नव्हता.

हबच्या कंपनीला पॅकेटची फाइल पाठवली, सोबत मागण्या: एनटीपीसाठी यादृच्छिक पोर्ट, वीज जाण्याआधीची शेवटची वेळ स्मृतीत जपून तिथून सुरुवात, डीएचसीपीकडे पर्याय ४२ मागणं, आणि वेळ खात्रीची नसेल तेव्हा वेळेवर चालणारी कामं, निदान गीझरसारखी, रोखून धरणं. ही शेवटची सर्वात महत्त्वाची. वेळ माहीत नसताना दोन किलोवॉटची कॉइल चालू करणारं यंत्र ज्येष्ठांच्या घरात असता कामा नये, आणि हे मी त्यांना याच शब्दांत लिहिलंय.

फायबरवाल्यालाही लिहिलं. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या) निर्देशांनुसार सेवा पुरवठादारांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या, सर्व्हरशी जुळवायची असतात. ग्राहकाच्या वाटेवर मात्र त्याच सर्व्हरांची उत्तरं पोचत नाहीत, हे चाचणीच्या आकड्यांसह दाखवलं. गाळणी वाहतुकीच्या वेगाच्या मर्यादेवर आणावी, सरसकट बंदी नको, एवढीच विनंती.

२१ जून, शनिवार

हबच्या कंपनीकडून उत्तर: फाइल अभियंत्यांकडे गेली आहे, रीसेटची सूचना या तक्रारीवरून काढली आहे. फायबरवाल्याकडून अजून काही नाही.

माझ्याकडच्या ज्या घरांत स्थिर आयपी आहे तिथे हेच वळण घालून घेतलं, बिघाड होण्याची वाट न पाहता. प्रत्येक ठिकाणी हबची पिन काढून, थांबून, परत लावून पाहिलं. कोथरूडला अपडेट आता सुरू करायला हरकत नाही, तरी पुढचं फर्मवेअर येईपर्यंत बंदच ठेवतोय.

सहकारनगरच्या राउटरच्या सेटिंगची प्रत काढून ठेवली. काकूंच्या फ्रिजवरच्या कागदावर एक ओळ वाढवली: कडी नारिंगी असेल तर दहा मिनिटं थांबा, गीझर भलत्या वेळी लागला तर स्विच बंद करून फोन करा, आणि कोणी फॅक्टरी रीसेट करायला सांगितलं तर करू नका.

बाकी काम: गॅलरीतला दिवा ७ वाजता न लावता सूर्यास्ताला लावायचा, असं काकू म्हणतायत. पुढच्या आठवड्यात.